वर्गणी भरली म्हणजे सीट मिळाली का?

पत्र :

ताई, मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या कॉलेजच्या बाहा टीमचा (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवून उतरायची स्पर्धा) कॅप्टन आहे. जानेवारीत इंदूरजवळ पीथमपूरला स्पर्धा आहे. टीममध्ये आम्ही २८ जण आहोत, पण बजेटात १८ जणच बसतात. वर्षाच्या सुरुवातीला ठरलं होतं की प्रत्येकानं १४,००० रुपये वर्गणी भरायची, प्रवास-मुक्काम त्यातच, आणि जो पूर्ण भरणार नाही तो ट्रिपला येणार नाही. सेकंड इयरचा एक मुलगा आहे. रोल केजचं (ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या सांगाड्याचं) सगळं वेल्डिंग त्यानं केलंय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वर्कशॉपला असायचा. त्यानं ३,००० च भरलेत, घरी अडचण आहे. बाकी सगळ्यांचे पूर्ण आलेत. दुसरीकडे माझ्याच वर्गातला एक मित्र आहे, त्यानं पहिल्याच महिन्यात १४,००० दिले, पण वर्कशॉपला महिन्यातून दोनदा येतो. नियमानं मित्र येणार आणि वेल्डर राहणार. खजिनदार म्हणतो, नियम म्हणजे नियम. सर म्हणतात, तुम्ही मुलं ठरवा. टीममध्ये तीन मुली आहेत, डिझाइन आणि कॉस्टला (गाडीच्या खर्चाच्या हिशेबाला). पण त्यांना न्यायचं तर लेडी फॅकल्टी लागते, म्हणून सर म्हणाले यंदा त्यांचं राहू दे, त्यामुळे तो प्रश्न नाही. मला फक्त वेल्डरचं काय करू ते सांगा.

– गोंधळलेला कॅप्टन

उत्तर :

कॅप्टन,

आधी तुझ्या खजिनदाराचा हिशेब तपासू. पैसे २८ जणांकडून घेतलेत, आणि त्या १४,००० मध्ये प्रत्येकाचा प्रवास-मुक्काम धरलाय. नेणार मात्र १८. म्हणजे वेल्डरला बाजूला ठेवलं तरी नऊजण असे उरतात, ज्यांनी पै न् पै भरली आणि तरी ते घरीच राहणार. त्यांच्या वर्गणीतला प्रवासाचा भाग गेला कुठे? जाणाऱ्यांच्या तिकिटात. तेव्हा ‘वर्गणी भरली की सीट’ असा नियम तुमच्याकडे कधी नव्हताच. ‘वर्गणी नाही तर सीट नाही’ एवढा अर्धाच होता, आणि तो २८ जणांत नेमका एकाला लागू पडतोय. हे खजिनदाराला तोंडी सांगू नकोस, कागदावर मांडून दाखव. खजिनदार लोकांना आकडे दिसल्याशिवाय काही पटत नाही. मला माहीत आहे, कारण आमच्या वर्षी खजिनदार मी होते.

माझ्या एक्सेलमध्ये दोन रकाने होते, नाव आणि जमा रक्कम. दुसऱ्या रकान्यात ज्याचा आकडा सगळ्यात लहान होता, त्याचं नाव यादीतून गेलं. मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. उलट कुणाची भीडभाड न ठेवता कारभार करतेय, असा तोरा होता. त्या मुलाकडे स्टीअरिंगचं काम होतं, आणि सुटे भागही तोच सांभाळायचा. निघायच्या आदल्या रात्री टेम्पो भरायला तो आला, दोरखंड बांधून झाल्यावर सगळ्यांच्या शेवटी घरी गेला.

एन्ड्युरन्स, म्हणजे गाडीचा दम बघणारी शर्यत, शेवटच्या दिवशी असते, चार तासांची. सव्वा तास गाडी मस्त पळाली. मग एका उंचवट्यावरून उतरताना तिरकी आपटली आणि पुढच्या डाव्या चाकानं आपला वेगळा रस्ता धरला. टाय रॉडच्या, म्हणजे स्टीअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा सांधा, रॉड एंड, तुटला होता. गाडी ओढत पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागेत, आणली. रॉड एंड बदलणं हे काही फार मोठं काम नाही. दोन पाने, एक लॉक नट, हाताला सवय असेल तर दहा मिनिटं. सुटा रॉड एंड बरोबर आणलाय हेही सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तो ठेवलाय कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पेट्या उपड्या केल्या. एक सापडला तो सुलट्या आट्याचा निघाला, आम्हाला हवा होता उलट्या आट्याचा. शेवटी त्याला फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला. वडिलांच्या दुकानात होता, मागे गिऱ्हाइकाचा आवाज येत होता. म्हणाला, “निळ्या पेटीत नका बघू, हिरव्या. तळाला सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेत. उलट्या आट्याच्यावर पांढरा ठिपका आहे.” होता. पण तोवर चाळीस मिनिटं गेली होती, २४० पैकी. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “बसवल्यावर टो मोजून घ्या, तसंच सोडू नका.” टो म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते.

पुढच्या वर्षी तो टीममध्ये आला नाही. विचारलं तर म्हणाला, अभ्यास आहे.

तुझ्या पत्रात ‘ट्रिप’ असा शब्द आहे. आम्हीही तोच वापरायचो, आणि माझ्या मते सगळा घोळ त्या शब्दातून सुरू होतो. ट्रिप म्हटलं की कोणाचा हक्क किती, कोणी किती भरले, कोणी किती राबलं, हेच डोक्यात येतं. मग सीट हे बक्षीस होऊन बसतं. बाहाच्या रूलबुकात पहिल्या पानांवर काय लिहिलंय ते आठव. तुमची टीम एका काल्पनिक कंपनीसाठी एकट्यानं चालवायच्या ऑफ-रोड गाडीचा नमुना बनवतेय, असं तिथे गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेत १९७६ साली ही स्पर्धा सुरू झाली, आपल्याकडे २००७ पासून पीथमपूरला भरायला लागली, पण हे गृहीतक तेच आहे. कंपनीची माणसं चाचणीला जातात तेव्हा तिथे ज्याचं काम आहे तो जातो. एस.टी.त म्हणतात तशी ड्युटी लागते.

म्हणून आज संध्याकाळी वर्कशॉपमधल्या फळ्यावर नावं न लिहिता कामं लिही. स्पर्धेचा एकेक दिवस घे. पहिला दिवस टेक्निकल इन्स्पेक्शनचा. गाडी ढकलत रांगेत उभं राहायचं. तपासनीस नळ्या बघणार, ड्रायव्हरचं हेल्मेट आणि केज यांतलं अंतर मोजणार, आतला आणि बाहेरचा किल स्विच दाबून इंजिन बंद पडतं का बघणार, बेल्टनं आवळलेला ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर पडतो का ते घड्याळ लावून बघणार. आणि काही ना काही काढणारच. मग गाडी परत पिटमध्ये, दुरुस्ती, पुन्हा रांगेच्या शेपटाला. ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक व्हावी लागतात, आमची तीन व्हायची. त्या चौथ्या चाकासाठी दोघंजण अख्खी दुपार ब्लीडिंग करत, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढत, बसले होते. असं एकेक काम लिहिलंस की त्याच्यापुढे आपोआप नाव येतं, आणि ते एकाच माणसाचं येतं. ज्याच्यापुढे कुणाचंच नाव येत नाही असं कामही निघेल. ते आत्ताच कळलेलं बरं.

आता तुझ्या वेल्डरचं. रोल केजचा भाग नीट वाचलायस ना? केज ज्यानं वेल्ड केली त्यानंच, त्याच नळीचे आणि त्याच पद्धतीनं, वेल्डिंगचे दोन नमुने करून न्यायचे असतात. एक नव्वद अंशांचा जोड. तो जोर लावून तोडायचा, आणि तुटताना वेल्ड शाबूत राहून नळी फाटली हे दाखवायचं. दुसरा तीस अंशांचा. तो लांबीत उभा कापायचा, म्हणजे वेल्ड आत किती मुरलंय ते कापावर दिसतं. खजिनदाराच्या नियमानं या मुलाच्या हातचे हे दोन तुकडे पीथमपूरला जाणार, आणि तो नाही. तपासनिसानं त्या कापावर बोट ठेवून “इथे करंट किती ठेवला होता?” असं विचारलं तर पिटमध्ये उत्तर कोण देणार? तुझा मित्र?

अजून एक गंमत बघ. तुमच्या कॉस्ट रिपोर्टमध्ये वेल्डिंगच्या मजुरीची ओळ असेलच. म्हणजे या मुलाच्या कामाची किंमत तुम्ही स्वतःच काढून परीक्षकांना कळवणार आहात. ती ओळ खजिनदाराला दाखव आणि विचार, हेच काम बाहेरच्या फॅब्रिकेटरकडे दिलं असतं तर बिल कोणाच्या खात्यातून गेलं असतं. त्याच्याकडे बाकी असलेल्या ११,००० चं ओझं या प्रश्नानंतर बरंच हलकं होईल.

तरीही, ‘बिचारा खूप राबला म्हणून न्यायचा’ असं यादीत लिहू नकोस, बोलूही नकोस. तो राबला म्हणून त्याला नेत नाहीयस. केज त्याची आहे म्हणून नेतोयस. ऐकायला यात फार फरक वाटत नाही, पण ज्याच्याबद्दल बोलताय त्याला तो लगेच कळतो. आणि त्याच्या भाड्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चला सगळे मिळून शंभर-शंभर टाकू’ असलं काही अजिबात नको. हे चांगल्या मनानंच सुचतं आणि त्यानंतर तो मुलगा मान वर करून वर्कशॉपमध्ये येऊ शकत नाही. पैशाचं तू, खजिनदार आणि सर यांच्यातच ठेवा. मी असते तर वर्गणीचे आजच दोन भाग केले असते, गाडीचा वेगळा, प्रवासाचा वेगळा. गाडीचा २८ जणांनी द्यायचा. प्रवासाचा फक्त जाणाऱ्यांनी, आणि जे जाणार नाहीत त्यांचा तो भाग त्यांना परत. पेट्रोल-वंगणाच्या बिलात अडकलाय म्हणून नंतर देऊ, असं करू नका; यादी लागण्याआधी त्यांच्या खात्यात पडला पाहिजे. हो, यानं जाणाऱ्यांच्या खिशाला जास्त भार पडेल. पडू दे. आत्तापर्यंत तो मागे राहणाऱ्यांवर पडत होता. वेल्डरच्या प्रवासाचं काय, तर सरांना विचार, कॉलेजात विद्यार्थी कल्याणाच्या नावाखाली काही तरतूद असते का. नसेल तर टीमच्या जुन्या मुलांना गाठ. एका माणसाचं स्लीपरचं भाडं आणि खोलीतला वाटा ही नोकरीला लागलेल्या माजी कॅप्टनला जड जाणारी रक्कम नाही. मात्र मागताना मुलाचं नाव घेऊ नकोस, ‘एक सीट कमी पडतेय’ एवढंच सांग.

आता मित्राबद्दल. पत्रात तू त्याचं नाव जरा तिरकस घेतलंयस. थांब. पहिल्या महिन्यात त्याचे १४,००० आले तेव्हा तुमच्या खात्यात काय होतं? पहिलं स्टील त्याच्यासारख्या दोन-चार मुलांच्या पैशांतून आलं असणार. शिवाय प्रवास-मुक्काम वर्गणीतच आहे हे त्याला तुम्हीच सांगितलंत, त्यामुळे मागे राहिला तर वरच्या नऊजणांसारखंच त्याचंही होईल. नियम चुकीचा होता हे खरं, पण नियम त्यानं केला नव्हता. त्याला आधी एकट्याला भेट. चहाला नेलंस तर उत्तम. सांग की नियम करताना आमचं चुकलं, आता यादी कामावरून होणार आहे, आणि फळ्यावर ही दोन-तीन कामं अजून रिकामी आहेत. सुट्या भागांची मोजदाद, टूल्स, कागदपत्रांची फाइल. यातलं एक तो आजपासून घेणार का? घेतलं आणि निभावलं तर तो जाईल, आणि मग कोणी बोलायचं कारण नाही. नाही घेतलं तर त्यानं स्वतःच ठरवलं असं होईल. अशी मुलं कधीकधी येत नाहीत ती केवळ त्यांना नेमून काही दिलेलं नसतं म्हणून. कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्याचं ग्राइंडिंग बघायला कोण रोज येईल? आणि कधीकधी खरोखरच येत नाहीत. तुझा कोणता, ते पंधरा दिवसांत कळेल.

आणि आता ती ओळ. ‘त्यामुळे तो प्रश्न नाही.’

तू वेल्डरवर दहा ओळी लिहिल्यास आणि तीन मुलींना दोन वाक्यांत उरकलंस. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रागाचं राहू दे, तू आत्ता फळ्यावर जी कामं लिहिलीस तिथेच परत चल. तिघी डिझाइन आणि कॉस्टला आहेत म्हणतोस. मग डिझाइनच्या टेबलावर परीक्षक विचारणार की हीच सस्पेन्शन भूमिती का घेतली, ट्रॅव्हल (चाक वर-खाली जायची जागा) एवढाच का, तेव्हा समोर कोण बसणार? जिनं गणितं केली ती पुण्यात, आणि तिची पीपीटी पाठ करून आलेला कोणीतरी तिथे? परीक्षकांची आयुष्यं या धंद्यात गेलेली असतात. तिसऱ्या ‘का’ला पाठांतर उघडं पडतं. वेल्डरला लावलास तोच नियम इथे लाव, उत्तर तेच येतं. वेल्डर खजिनदाराच्या सोयीसाठी गळत होता, या तिघी सरांच्या सोयीसाठी.

मुलींबरोबर बाई प्राध्यापक असावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचा अर्थ मॅडम शोधा असा होतो, मुली गाळा असा होत नाही. आमच्या टीममध्ये मी एकटीच मुलगी होते आणि तेव्हाही हेच झालं होतं. विभागातल्या एकाही प्राध्यापिकेला त्या आठवड्यात जमत नव्हतं. शेवटी मेट्रॉलॉजी लॅबच्या असिस्टंट मॅडमना मी स्वतः जाऊन विचारलं. त्यांना आजवर कुणी कुठल्या स्पर्धेला ‘याल का’ म्हणून विचारलंच नव्हतं. त्या आल्या. गाडीतलं त्यांना फार कळत नव्हतं, पण मोजणं हा त्यांचा रोजचा धंदा. एन्ड्युरन्सचे चार तास त्या घडीच्या खुर्चीवर बसून उत्तरपत्रिकेच्या पुरवणीवर प्रत्येक लॅपची वेळ लिहीत होत्या. ती चाळीस मिनिटांची फट त्या कागदावर आहे, मधे कोरी जागा सोडून त्यांनी बाजूला ‘गाडी पिटमध्ये’ असं लिहिलंय. कागद माझ्याकडे आहे अजून.

त्यामुळे ‘लेडी फॅकल्टी मिळत नाही’ असं मला सांगायच्या आधी किती जणींना विचारलं ते सांग. प्राध्यापिका, लॅबमधल्या, लायब्ररीतल्या, वसतिगृहाच्या रेक्टर. कॉलेजला कोण चालतं ते प्राचार्यांना विचारून घे. आणि विचारायला तिघींपैकी एकीला बरोबर घेऊन जा, मागे ठेवू नकोस. मुक्कामाची एक गोष्ट मात्र आधीच ठरव. आमच्या वेळी मला आणि मॅडमना ‘सुरक्षित’ म्हणून बाकी टीमपासून बऱ्याच लांब खोली दिली होती. इन्स्पेक्शनची रांग रात्रीपर्यंत चालली आणि मला आठला निघावं लागलं, कारण नंतर वाहन नव्हतं. सगळ्यांचा मुक्काम एकाच ठिकाणी, हवं तर मजला वेगळा. इंदूर आणि पीथमपूर यांत अंतर आहे, रोज पहाटे जायचं असतं, तेव्हा हे सगळ्यांच्याच सोयीचं.

१८ हा आकडा कुठून आला, हेही एकदा बघ. बजेटातून आला, कामातून नाही. फळ्यावरची नावं मोजलीस तर माझ्या अंदाजानं चौदा-पंधरा भरतील. ड्रायव्हर दोघे, दोघांनाही पाच सेकंदांत उतरायचा सराव असलेले. उरलेल्या तीन-चार जागा सेकंड इयरच्या मुलांना दे. शेवटच्या वर्षाची पोरं रुसतील, रुसू देत. तुम्ही जूनमध्ये डिग्री घेऊन जाणार. पुढच्या वर्षी गाडी ज्यांनी बनवायची आहे त्यांनी इन्स्पेक्शनची रांग एकदा डोळ्यांनी बघितलेली असली पाहिजे.

तिकिटांचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे तुझ्या हातात यादी ठरवायला थोडे दिवस आहेत, फार नाहीत. एका पीएनआरवर सहाच नावं बसतात, म्हणजे १८ जणांची तीन तिकिटं. ती करताना एकेका उपगटाची माणसं एकत्र ठेवू नकोस, मुद्दाम मिसळ; एखादं तिकीट वेटिंगवर राहिलं तर सगळी ब्रेकवाली पोरं मागे राहिली असं व्हायला नको. आणि हे फारसं कोणाला माहीत नसतं म्हणून सांगते : मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्याचं कन्फर्म तिकीट त्याच संस्थेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर करता येतं. गाडी सुटायच्या ४८ तास आधी प्राचार्यांचं लेखी पत्र आरक्षण कार्यालयात द्यावं लागतं. ही सवलत एकदाच मिळते, आणि गटाच्या दहा टक्क्यांपर्यंतच. १८ जणांत म्हणजे जेमतेम एक नाव. तेव्हा ‘आत्ता कुणाचंही नाव टाका, नंतर बदलू’ असं खजिनदार म्हणाला तर त्याला हा हिशेब सांग. ही सोय आयत्या वेळी कुणाला ताप आला तर, त्यासाठी ठेव.

गाडीच्या टेम्पोबद्दल थोडक्यात. टाकी पूर्ण रिकामी करून चढवा. ५०,००० च्या वरचा माल राज्याबाहेर जाताना ट्रान्सपोर्टवाला ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) मागतो, त्यामुळे डिलिव्हरी चलन आणि ‘विद्यार्थ्यांनी बनवलेलं शैक्षणिक वाहन, विक्रीसाठी नाही’ असं कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र आठवडाभर आधीच तयार असू दे. टेम्पो नाशिक-धुळे-सेंधवा असा सरळ वर चढतो, तुम्ही रेल्वेनं सुरत-वडोदरा-रतलाम असा वळसा घालून येणार. टेम्पो तुमच्या आधी पोचून उभा राहू शकतो. तो उतरवून घ्यायला कोण, हेही फळ्यावर लिही.

यादी सांगायची कशी, यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय, कारण आमच्याकडे ती रात्री साडेअकराला ग्रुपवर पडली होती. मीच टाकली होती. खाली लगेच तीन-चार अंगठे आले, आणि मग दोन दिवस कुणीच काही लिहिलं नाही. तू असं कर. आधी सरांना भेट आणि नावं न दाखवता फक्त पद्धत दाखव, कामांवरून यादी, मुलींसाठी मॅडम, प्रवासाचे पैसे परत. त्यावर त्यांची सही घे. ‘तुम्ही मुलं ठरवा’ म्हणणारे सर नंतर एखाद्या पालकाचा फोन आला की ठरलेलं बदलतात, सही असली की जरा कचरतात. मग जे जाणार नाहीत त्या प्रत्येकाला तू स्वतः भेट, खजिनदाराला पाठवू नकोस. दहा मुलं आहेत, दोन दिवस लागतील. प्रत्येकाला कारण सांग, आणि ते खरं सांग. ‘बजेट नाही रे’ हे खरं कारण नाही, त्या पोराला ते कळतं. ‘गिअरबॉक्सला दोघंच न्यायचे होते आणि तो तुझ्यापेक्षा लवकर खोलतो’ हे बोलायला कठीण आहे, पण त्यावर तो भांडू तरी शकतो. कुणी भांडला आणि त्याचं म्हणणं बरोबर निघालं तर यादी बदल. सगळ्यांना भेटून झाल्यावर मग वर्कशॉपमध्ये, सगळे उभे असताना, यादी वाच.

मागे राहणाऱ्यांतल्या दोघांना तरी स्पर्धेच्या दिवसांत खरं काम दे. कॅडच्या फाइल्स, बिलं, रिपोर्टच्या प्रती त्यांच्याकडे, आणि फोन सायलेंटवर ठेवायचा नाही. आणि परतीचा टेम्पो रात्री-अपरात्री येईल तेव्हा उतरवायला तेच लागणार आहेत, कारण तुम्ही रेल्वेत असाल. तेव्हा ते येतात का नाही, यावरून तुला कळेल की तू यादी कशी सांगितली होतीस.

– ताई

ता. क. सुट्या भागांच्या प्रत्येक पेटीत काय आहे ते मार्करनं पेटीवर लिहा. झाकणावर नको, चारही बाजूंना. पिटमध्ये पेट्या एकावर एक रचल्या की झाकण दिसत नाही.